साडेअकराची पाळी

सकाळी उठल्यावर आत्या चहाच्या आधी मीटर वाचायची. तोंड धुतलं की ती दाराबाहेरच्या भिंतीवरल्या पेटीसमोर जाऊन उभी राहायची, काचेवर बोट टेकवायची आणि रीडिंग मोठ्याने म्हणायची. ऐकायला तिथे कुणी नसायचं. पण आत येईपर्यंत तिला सगळं कळलेलं असायचं. पंखा कुणी पाचावर ठेवला, गिझर कुणी बंद करायचा विसरला. "कालच्यापेक्षा दोन जास्त," ती म्हणायची आणि बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, हातातलं वर्तमानपत्र थोडं वर धरायचे.

पुढे त्या जागी नवा मीटर आला. तो आपलं रीडिंग आपणच कचेरीला कळवायचा. तरी ती वाचत राहिली. बाबांनी एकदा विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "आणि तो खोटं बोलत असला तर?"

बसणं तिला कधी जमलंच नाही. जेवायचीसुद्धा ओट्याला टेकून. पाहुणे आले की खुर्चीची पाठ धरून उभी राहायची, त्यामुळे पाहुण्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. हिच्या पायाला भिंगरी बांधून पाठवलंय, पण सोडवायची कशी ते सांगायला विसरले, असं बाबा म्हणायचे. तिला बघायला आलेल्या मंडळींसमोरून ती दहा मिनिटांत तीनदा उठली आणि तिसऱ्यांदा परत आलीच नाही, अशी गोष्ट घरात सांगतात. त्यातलं खरं किती, ठाऊक नाही. लग्न झालं नाही, एवढं खरं.

वीज कचेरीत तिने बावीस वर्षं मीटर वाचले. दिवसाला दीडशे घरं. जिने, बोळ, जिन्याखालच्या अंधाऱ्या सांदी. तिच्याकडे एक काठी होती, तिच्या टोकाला वाटीएवढा आरसा बांधलेला. मीटर उंचावर असला की ती आरसा वर धरून उलटं रीडिंग सरळ वाचायची. कुत्र्यांना वाटायचं काठी आपल्यासाठीच आहे, म्हणून कुत्रीही दूर राहायची. कुणाकडे बाळ आलंय, कुणाचा मुलगा परगावी गेला, कुणी नवा फ्रीज घेऊन शेजाऱ्यांपासून लपवलाय, हे तिला त्या पेटीवरून कळायचं. आणि एक गोष्ट तर ती डोळे मिटून सांगायची. घरात माणसं तेवढीच आणि रीडिंग घसरलेलं, तर समजायचं की कुणीतरी आकडा टाकलाय. मीटरच्या आधीच तारेवर तार अडकवायची, वीज घरात येते आणि मीटरला पत्ता लागत नाही. असे आकडे तिने किती पकडले याची गणती नव्हती. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि पुढे सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

स्वतःच बोलणारे मीटर शहरभर बसले आणि तिची नोकरी गेली. निरोपाला सहकाऱ्यांनी तिला आरामखुर्ची दिली. कुणी गंमत केली की मनापासून दिली, कळलं नाही. त्या खुर्चीत अजून बाबाच बसतात.

पुढचे सहा महिने घरात कुणाला स्वस्थता नव्हती. ती या खोलीतून त्या खोलीत जायची, खिडकी उघडायची, लावायची. मला परीक्षेचं वाचताना तिच्या चपलांचा आवाज पाठ झाला होता. दाराशी येऊन थांबायची, काहीतरी विचारायचं म्हणून विचारायची आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढे गेलेली असायची.

मग रिक्षांचं निघालं. आमच्या भागातल्या बारा रिक्षावाल्यांनी धुराच्या जुन्या गाड्या मोडीत काढून विजेच्या घेतल्या होत्या. गाड्या आल्या, पण भरायच्या कुठे? रात्री प्रत्येकाच्या खिडकीतून एक वायर लोंबत रस्त्यावर यायची. फ्यूज उडायचे, घरमालक भांडायचे, तात्यांच्या चाळीत तर दोन मजले अंधारात गेले. तात्या म्हणजे त्यांच्यातले सगळ्यात जुने चालक, पन्नाशी उलटलेले, केस पांढरे आणि जीभ तिखट. ते आत्याला ओळखत होते. वीस वर्षांपूर्वी तिने त्यांच्या भावाचा आकडा पकडला होता. तरी ते तिच्याकडेच आले. म्हणाले, बाई, विजेचं तुम्हाला कळतं, काहीतरी सांगा.

कोपऱ्यावर लाकडाची एक वखार बंद पडलेली होती. सिमेंटचं सपाट छत, आजूबाजूला उंच इमारत नाही. आत्याने ते छत बावीस वर्षांत जाता-येता पाहिलेलं होतं. बाराजणांनी मिळून संस्था काढली, कर्ज कसं मिळालं ती वेगळी कहाणी आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर छतावर चाळीस पॅनल बसली. दहा-दहाच्या चार रांगा. खाली वखारीत चार चार्जर, प्रत्येकाला आपला मीटर. ते साधे, मुके मीटर होते. आत्याने हट्ट करून तसलेच घ्यायला लावले. पॅनल बसवणाऱ्याने फोनमध्येही सगळं दिसतं असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ते ज्याला बघायचं त्याला बघू दे. त्याने ते तात्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. तात्या त्या फोनवरून फक्त सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवायचे.

उन्हावर गाडी भरायची म्हणजे ऊन असेल तेव्हाच भरायची. बाहेरची लाइन होती, पण बारीक. ढगाळ दिवशी टेकू म्हणून ठीक, एरवी तिच्यावर चार गाड्या एकदम भरणं शक्य नव्हतं. म्हणून आत्याने पाळ्या पाडल्या. दहाची, साडेअकराची आणि एकची. प्रत्येक पाळीत चार गाड्या, दीड तास. सगळ्यांना साडेअकराची हवी, कारण तेव्हाचं ऊन सगळ्यात कडक. आणि साडेअकराची कुणालाच नको, कारण तेव्हाच शाळा सुटतात. या दोन वाक्यांवर वर्षभर भांडण चाललं. एकाने म्हटलं, बाई, ऊन रात्री पडलं असतं तर किती सोयीचं झालं असतं. आत्या म्हणाली, "आणि आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. गाडी लाव."

ती पहाटे छतावर जाऊन पॅनल धुवायची. पहाटेच, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. दिवसभर खाली. चारी मीटरच्या मधून फेऱ्या मारत, वहीत लिहीत, पाळी संपायच्या दोन मिनिटं आधी शिट्टी वाजवत. चालक तिला समोर बाई म्हणायचे आणि मागे मीटरबाई. तिला ते माहीत होतं. पाऊस सरल्यावर तिने एकच हौस केली. छताच्या रस्त्याकडल्या कठड्यावर संस्थेची पाटी उभारली. लोखंडी चौकटीवर, माणसाहून उंच, अर्ध्या रांगेएवढी लांब, निळ्यावर पांढरी अक्षरं. लांबून बसमधूनसुद्धा दिसायची. तिच्या आयुष्यात तिचं म्हणून काही रस्त्यावरून दिसावं, अशी ती पहिलीच गोष्ट.

पाटी पाहूनच रुग्णालयाचं काम आलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारे रुग्ण स्टेशनवरून न्यायचे आणि परत सोडायचे. तोवर हे काम डिझेलच्या व्हॅनवाल्याकडे होतं, आणि धुराने रुग्णांना मळमळायचं. रुग्णालयाची अट सरळ होती. दोन महिने चालवून दाखवा. एखादी फेरी चुकली तर सांभाळून घेऊ, दुसरी चुकली तर व्हॅनवाला परत. टिकलात तर बाराही गाड्यांना कायमचं काम. स्टँडवर दिवसदिवस गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या बारा घरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पहिला महिना छान गेला. रोजची बेरीज सत्तरच्या आसपास युनिट, गाड्या भरून बाहेर. मग थंडी सुरू झाली आणि बेरीज घसरू लागली. अडुसष्ट. पासष्ट. आकाश असं स्वच्छ की बघत राहावं, आणि रीडिंग एकसष्ट. गाड्या पाऊण भरून निघू लागल्या. आत्याने पॅनल दोनदा धुतली, मग रोज धुतली, कोपरे जुन्या दात घासायच्या ब्रशने काढले. सत्तावन्न. घरी आली की ओट्याशी उभी राहून वहीची पानं मागे-पुढे करायची. बाबा म्हणाले, थंडीत दिवस लहान होतो, थोडं कमी येणारच. ती म्हणाली, थोडं कळतं मला. हे थोडं नाही. तिने चहा तसाच ठेवला, परत घेतला, परत ठेवला.

एका बुधवारी रुग्णालयाच्या चढावर एक गाडी बसली. आत सत्तरीच्या आजीबाई होत्या. चालकाने ढकलत नेली, मागून आलेल्या दोघांनी हात लावला, तरी चाळीस मिनिटं उशीर झाला आणि त्यांची वेळ दुसऱ्याला गेली. सिस्टरने फोन केला. आवाज चढवला नाही. एक झाली, एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आत्याची झोप गेली असावी. पाळी चालू असताना ती एका चार्जरवरून दुसऱ्याकडे जायची ती जवळजवळ धावतच. आकाश स्वच्छ, काचा स्वच्छ, गाड्या तेवढ्याच, आणि रीडिंग घसरतंय. बावीस वर्षांनी जे शिकवलं होतं ते एकच होतं. मीटरच्या आधी कुणीतरी तार लावतंय.

तिने वायरींवरून हात फिरवला, एकेक पट्टी उसवून पाहिली. काही सापडलं नाही. मग तिने घरून आरशाची काठी आणली आणि गाड्या आत लागल्या की सीटखाली आरसा घालून बघू लागली. चालक एकमेकांकडे बघायचे. कुणी हसायचं नाही.

साडेअकराच्या पाळीत नवरदेवाची गाडी असायची. त्याला नवरदेव म्हणायचे कारण त्याची रिक्षा कायम सजलेली. कडेला झिरमिळ्या, आरशाभोवती रंगीत दोरा, आत मंद गाणी. स्वतः मात्र तो गंभीर, कमी बोलणारा, पस्तिशीचा माणूस होता. त्या दिवशी आत्याचा आरसा त्याच्या सीटखाली गेला आणि थांबला. तिथे एक काळी पेटी होती. तिला दोन वायरी.

तिने सगळ्यांसमोर विचारलं, ही जादाची बॅटरी कुठे भरतोस? तो म्हणाला, घरी. ती म्हणाली, घरी भरायची तर इथे वायर कशाला. तो म्हणाला, पंखा आहे बाई, पेशंटसाठी, परत जाताना त्यांना गरगरतं. तिला ऐकूच आलं नसावं. ती बोलत गेली. बारा घरांच्या तोंडचा घास, एकाच्या हौसेपायी, गाणी आणि झिरमिळ्या. तात्या मध्ये पडले, बाई, जरा दमानं घ्या. तिने त्यांनाही गप्प केलं. भावाचं सांगू का, म्हणाली. ते मात्र तिने म्हणायला नको होतं.

नवरदेवाने चार्जरची वायर काढली, नीट गुंडाळून खुंटीला लावली. मग म्हणाला, "बाई, इतकी वर्षं तुम्ही भिंतीवरच्या पेट्या वाचल्यात. मी पेटी नाही."

गाडी अर्धीच भरली होती. तशीच घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्याची जागा रिकामी राहिली. आत्याने ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. चोर गेला, आता रीडिंग चढेल, असं तिला वाटलं असणार. त्या दिवशी एक गाडी कमी होती, म्हणजे बाकीच्या तरी भरून निघायला हव्या होत्या. त्याही पाऊणच भरल्या. बेरीज चोपन्न. तिने परत केली. चोपन्न.

नवरदेव रुग्णालयाच्या फेऱ्यांना येत नव्हता. अकरा गाड्या बाराच्या फेऱ्या ओढत होत्या, आणि त्याही अपुऱ्या भरलेल्या. मुदतीचे पंधरा दिवस उरले होते. तात्या दोन दिवस आत्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा पेला तिच्या वहीवर ठेवला. म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत बाई. आता खरा चोर तरी शोधा. त्या पॅनलवाल्याला फोन लावू का?

तिने नको म्हटलं. मग दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, लावा.

पॅनलवाला दूर कुठल्या गावी छतावर होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, फोनमध्ये काय दिसतंय? कुणी बघितलंच नव्हतं. तात्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला, फुलांची चित्रं बाजूला सारत सारत ते पान शोधलं. चार रांगा होत्या. तीन हिरव्या. पहिली, रस्त्याकडची, रोज दहाच्या सुमारास पिवळी पडायची आणि दुपारी अडीचनंतर पुन्हा हिरवी व्हायची. पंधरा-वीस दिवस हेच चाललं होतं. यंत्र रोज सांगत होतं. ज्या गोष्टीने तिची नोकरी खाल्ली, तिच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, एवढंच.

पॅनलवाल्याने विचारलं, त्या रांगेवर काही सावली पडते का? एका पॅनलच्या कडेवर पडली तरी अख्खी रांग बसते. दहा माणसं एका दोराला लावून ओढायला सांगितली आणि त्यातला एक मध्येच खाली बसला, तसं. आत्या म्हणाली, सावली कुठली, मी रोज छतावर असते. तो म्हणाला, किती वाजता?

तिने घड्याळ पाहिलं. मग फोन तात्यांच्या हातात देऊन जिन्याकडे गेली.

दुपारी बाराला त्या छतावर कुणी जात नसे. तेव्हा सगळे खाली, पाळीच्या गडबडीत. आत्यासुद्धा. तिची पहाट ठरलेली होती, आणि पहाटे सगळंच सावलीत असतं. वर पोचल्यावर तिला शोधावं लागलं नाही. उन्हाळ्यात पाटीची सावली कठड्याशीच राहिली असती. आता सूर्य दक्षिणेकडे, रस्त्याच्या बाजूला कलला होता, आणि पाटीची सावली पहिल्या रांगेवर सरळ आडवी झाली होती. कडा अगदी रेखलेली. अक्षरंही दिसत नव्हती, नुसता काळा पट्टा. ती रोज थोडी थोडी पुढे सरकत आली असणार. दिवसाला बोटभर.

तात्या मागून चढून आले तेव्हा ती पाटीच्या चौकटीचे बोल्ट सोडवायला लागली होती. हातात पान्हा नव्हता, पक्कड होती. तात्या म्हणाले, थांबा, पोरांना बोलावतो, संध्याकाळी उतरवू. ती थांबली नाही. तिसरा बोल्ट गंजलेला होता. तिच्या बोटाला लागलं, तिने बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने फिरवत राहिली. शेवटी दोघांनी मिळून पाटी आडवी केली. पट्टा रांगेवरून निघून गेला. खाली कुणीतरी ओरडलं की तिन्ही चालू चार्जरचे काटे वर सरकले.

आत्या ऐकायला थांबली नाही. तशीच खाली उतरली आणि स्टेशनकडे चालू लागली. गाडीने सोडतो असं दोघांनी म्हटलं. ती म्हणाली, गाड्या भरताहेत, भरू द्या.

स्टेशनबाहेरच्या स्टँडवर नवरदेव रांगेत सातवा होता. गाडी तो आता रात्री घरीच भरत होता, खिडकीतून वायर टाकून, घरमालकाच्या शिव्या खात. आजूबाजूला दहा-पंधरा चालक होते, निम्मे डिझेलवाले, काही आपले. आत्या त्याच्या गाडीशी गेली नाही. सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. चालून धाप लागली होती, ती बसू दिली, आणि मोठ्याने म्हणाली, "चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांत सांगते. याने काही घेतलं नव्हतं. माझी पाटी ऊन खात होती. चूक माझी."

डिझेलवाल्यांना काही कळलं नाही. पाटी ऊन कशी खाते, असं एकाने विचारलं. कुणीतरी त्याला कोपराने ढोसलं.

नवरदेवाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, त्यावर रक्ताचा डाग. तो म्हणाला, बरं. एवढंच. मग त्याचं गिऱ्हाईक आलं आणि तो निघून गेला.

घरी येऊन तिने आम्हाला हे सगळं ओट्याशी उभं राहून सांगितलं. बाबा म्हणाले, काखेत कळसा म्हणतात तो हा. ती म्हणाली, काखेत नव्हता, डोक्यावर होता. आणि हसली नाही.

दुसऱ्या दिवशी रीडिंग सहासष्ट आलं. गाड्या भरून निघू लागल्या. पण साडेअकराची चौथी जागा रिकामीच राहायची. तीन जागांवर गाड्या, चौथीसमोर आत्या. बाकीचे म्हणायचे, बाई, दुसऱ्या कुणाला द्या, ऊन वाया जातंय. वाया गेलेलं ऊन हा तिच्या लेखी गुन्हा होता. तरी ती दीड तास त्या जागेवरून कुणाला जाऊ देत नसे, स्वतः मात्र शंभरदा जायची. साडेअकराला शिट्टी वाजवायची, रस्त्याकडे बघायची, चार पावलं दारापर्यंत, चार परत. अकरा गाड्यांनी बाराच्या फेऱ्या करायच्या म्हणजे एकही टायर पंक्चर होता कामा नये, एकाचंही पोर आजारी पडता कामा नये. रोज संध्याकाळी ती रुग्णालयातल्या सिस्टरला फोन करायची. सिस्टर म्हणायची, झाल्या सगळ्या. मग आत्या वहीत एक टिंब काढायची.

नववं टिंब काढायचं होतं त्या दिवशी दोन गाड्या एकदम अडकल्या. एकीचा ब्रेक, दुसरीचा चालक तापाने आडवा. स्टेशनवर तीन रुग्ण उभे होते आणि पाठवायला गाडी एकच. आत्याने तात्यांना फोन लावायला सांगितलं. कुणाला, ते सांगावं लागलं नाही. तात्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि खाली ठेवला. म्हणाले, तो तिथेच होता. आजीबाईंना ओळखलं त्याने. दोघांना घेऊन निघालासुद्धा. पंखा लावलाय म्हणतो.

आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. तात्या अजून सांगतात की मीटरबाई बसलेली त्यांनी तेवढीच एकदा पाहिली. अर्धं मिनिट असेल. मग तिची शिट्टी वाजली.

मुदत संपली आणि काम मिळालं, बाराही गाड्यांना. नवरदेव रुग्णालयाच्या फेऱ्या पुन्हा करू लागला. पण वखारीत येईना. साडेअकराला यायचा, गाडी रस्त्यापलीकडे झाडाखाली लावायचा आणि डबा खायचा. गाडी घरीच भरतो म्हणायचा. आत्या दारात. त्याला हाक मारून बोलवायचं तिला धाडस होत नसे, आणि न बोलावता आत यायचं त्याला जमत नसे. मधे रस्ता. ती चार पावलं पुढे, चार मागे. हे असं आठवडे चाललं.

पाटी पुन्हा छतावर गेली नाही. चालकांनी तिला चार पाय ठोकले आणि वखारीच्या दाराशी बाक केलं. निळी बाजू वर. पाळीची वाट बघणारे त्यावर बसतात. संस्थेच्या नावावर बसून खातोय, असं तात्या म्हणायचे, आणि रोज म्हणायचे.

आत्या त्याच हिवाळ्याच्या शेवटी गेली. सकाळी, ओट्याशी, चहाच्या आधी. मीटर वाचून आत आली होती. बाबांना रीडिंग सांगितलं, कालच्याएवढंच, आणि पेल्याकडे हात नेला. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. भिंतीवरची पेटी आता कुणी वाचत नाही. ती आपलं आपण कळवते.

साडेअकराच्या पाळीत हल्ली चार गाड्या असतात. चौथीला झिरमिळ्या आहेत. तिची वही तात्यांकडे आहे, आणि फोनमधल्या चार रांगा ते दिवसातून दहा वेळा बघतात.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिचा डबा घेऊन वखारीत गेले होते. तिने तो उघडलाही नाही, बाकावर ठेवून दिला. हातात वही, कानामागे पेन्सिल. ऊन स्वच्छ होतं. तीन गाड्या लागलेल्या, चौथी जागा मोकळी, आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली तो डबा संपवून हात धूत होता. आत्याने घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याला धरून मला दारातून थोडं बाहेर सारलं आणि म्हणाली,

"बारा वाजत आले. जा, त्याला म्हणावं, गाडी आत घे."